जर्मन सॅकवरचा चौथा ठिपका

लेस्टरला बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत श्यामलाबाई खाडिलकरांचं घर आहे. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, ही माणसं उद्या सकाळी कुठला तरी डोंगर चढायला निघालीत. जिन्याच्या कठड्याला एक सॅक, कोटांच्या खुंटीवर दोन, पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर पाच ऐसपैस पसरलेल्या, आणि पाहुणे खाली सोफ्यावर पाय दुमडून. डोंगराचं म्हणाल, तर बाईंचे गुडघे बस स्टॉपपर्यंत जातानाही कुरकुरतात. त्या सगळ्या सॅक जुन्या जर्मन सैन्याच्या आहेत. बऱ्याचशा तर बाईंपेक्षाही वयाने मोठ्या, आणि शिवणीने त्यांच्याहून धडधाकट.

बाईंचं शिक्षण सांगलीत नववीपर्यंत आणि वर शिवणाचा एक कोर्स. लग्न होऊन इकडे आल्या. नवरा, गिरीशराव, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, म्हणून याही तिथल्याच शिवणखोलीत चिकटल्या. एकतीस वर्षं चादरी, गाऊन, पडदे. फाटलं की जोडायचं, उसवलं की टाका घालायचा. अंगाखालची चादर कुणी शिवली हे कुठला पेशंट विचारतो? डॉक्टरांचं नाव दारावर असतं, नर्सचं छातीवर असतं. शिवणारीचं कुठेच नसतं.

शिवणखोलीत त्यांचं नाव गाजलं ते एकदाच. वॉर्डातून उशीचा एक अभ्रा आला होता. आधी त्यावर पिवळा डाग होता, धुऊन आला तर लालभडक. सुपरवायझरने हातमोजे चढवले आणि म्हणाली, रक्त आहे, फेकून द्या. बाई कॅन्टीनमधून चिप्सवर घालायचं व्हिनेगर घेऊन आल्या, दोन थेंब डागावर टाकले, आणि सगळ्यांच्या देखत लालाचं परत पिवळं झालं.

"रक्त नाही, आमटी आहे," बाई म्हणाल्या. "हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि आंबट लागलं की शुद्धीवर येते."

त्यानंतर हॉस्पिटलात कुठेही लाल डाग दिसला की आधी श्यामलाबाईंना बोलावणं यायचं. पण ते तेवढंच.

रिटायर झाल्यावर त्या कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, गेल्या त्या भाजीच्या पिशवीसाठी. दुधी, कोथिंबीर, दोन नारळ हातात धरून चालवत नव्हतं, पाठीवर टाकता येईल असं काही तरी हवं होतं. एका गाडीच्या डिकीत, जुन्या रबरी बुटांखाली, हिरवट करड्या कॅनव्हासची पिशवी सापडली. चामड्याचे पट्टे, लोखंडी बकलं. घरी आणली, आठवडाभर वापरली, आणि मग खिशाची उसवलेली शिवण नीट करायला म्हणून चष्मा लावून बसल्या. बसल्या त्या उठल्याच नाहीत. पट्ट्याचे टाके हाताचे होते. दोन सुयांचे, दोन्ही बाजूंनी सारखे, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत मोजून आठ. पहिला टाका जितका घट्ट तितकाच शेवटचा. एकतीस वर्षांत असा हात त्यांनी पाहिला नव्हता.

चामड्यावर काही तरी ठोकलेलं होतं. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, साल.

कुणी तरी सांगितलं, शहराबाहेरच्या एका व्हिलेज हॉलमध्ये जुन्या लष्करी सामानाचा क्लब भरतो, तिथे कीथ नावाचा माणूस बसतो, त्याला दाखवा. कीथ म्हणजे रेल्वेत सिग्नल सांभाळून रिटायर झालेला, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने सॅक उलटी केली, सुलटी केली, भिंगाखाली धरली, आणि भिंग बाजूला ठेवलं.

"यात तुम्ही काय ठेवता, मिसेस के?" त्याने विचारलं. खाडिलकर म्हणायला त्याची जीभ तयार नव्हती, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने त्यांना 'मिसेस के' करून टाकलं.

"बटाटे," बाई म्हणाल्या.

कीथला खाली बसावं लागलं.

ती सॅक दुसऱ्या महायुद्धातली, जर्मन पहाडी पलटणीची निघाली. तिथून बारा वर्षं बाई त्या क्लबात जातायत. कीथने त्यांना ओळख शिकवली. सारख्याच दिसणाऱ्या पिशवीवर लहानसा क्रॉस ठोकलेला असला तर ती स्विस. तीन मुकुट असले तर स्वीडनची. जर्मन असली तर आधीच्या वर्षांत चामड्यावर कारखान्याचं नाव आणि साल, आणि लढाई लांबली तसं नाव जाऊन नुसता नंबर. बाईंनी उलट कीथला टाके वाचायला शिकवलं. दोऱ्याशेजारी रिकामी भोकं दिसली तर समजायचं, हे पुन्हा शिवलंय. दोरा अंधारात निळ्या दिव्याखाली चमकला तर समजायचं, दोरा नवा आहे, कुणी तरी म्हातारं सामान तरुण दोऱ्याने शिवून आपल्याला शेंडी लावतंय. कीथ खुणांवरून पारखायचा, बाई शिवणीवरून. दोघांचं जमलं.

घरी गिरीशराव मात्र बारा वर्षं एकच रेकॉर्ड लावून होते.

"यांनी लंडनवर बॉम्ब टाकले, आणि तू त्यांच्या पिशव्या झटकून ठेवतेस."

"पिशवीने नाही टाकले."

"शिवणाऱ्यांनी शिवल्या म्हणून तर सैन्य चाललं."

"अहो, शिवायला बसवलेल्या बायकांना कुणी विचारलं होतं का, तुम्हाला शिवायचंय का म्हणून? कोण जाणे किती जणींना धाक दाखवून बसवलं असेल. त्यांचं नाव तरी कुठे आहे कशावर? टाके तेवढे आहेत. ते मी बघते."

यावर गिरीशराव पेपर उघडायचे आणि पेपरामागून म्हणायचे, "बघ, बघ. आणि पाहुण्यांना सांग, रात्री अंगावर सॅक घ्या."

यंदा वसंतात मेल्टन मोब्रेच्या बाजूला एका शेडमध्ये बाईंना आणखी एक सॅक सापडली. आत कोंबड्यांचं खाद्य होतं. त्यांनी खाद्य बादलीत ओतलं आणि सॅक उजेडात धरली. साल १९४०. नाव स्पष्ट, गाव स्पष्ट, बकलं मूळची, कुठे नवा दोरा नाही. आणि उजव्या पट्ट्याच्या बुडाशी त्या काळातलीच एक दुरुस्ती, जिचे टाके उलट्या अंगाला कललेले. शिवणारा डावखुरा होता. बाईंनी तिथे बोट टेकवलं आणि त्यांना वाटलं, हा माणूस आत्ता सुई ठेवून उठून गेलाय.

त्याच सुमारास क्लबात बातमी आली. जवळच्या एका लहानशा म्युझियमने शिपायांच्या पाठीवरच्या सामानाचं प्रदर्शन ठरवलं होतं. क्लबने एक जर्मन सॅक द्यायची, अस्सल असल्याची खात्री कीथने करून फॉर्म भरायचा, आणि काचेच्या कपाटात तिच्याखाली मालकाच्या नावाचं कार्ड लागणार.

"कार्ड?" बाईंनी विचारलं. "छापलेलं?"

"छापलेलं," कीथ म्हणाला. "तुमची आणा, मिसेस के. नोव्हेंबरच्या सभेला बघतो."

बाई घरी आल्या त्या जवळजवळ धावतच. गुडघ्यांचीही त्या दिवशी तक्रार नव्हती. एकतीस वर्षं शिवलं, बारा वर्षं पारखलं, आणि आता एका कार्डावर नाव. त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरल्या. सॅक मऊ ब्रशने झाडली. पाणी मुळीच लावलं नाही. खंडेनवमीच्या संध्याकाळी हॉस्पिटलातल्या जुन्या अभ्र्यात ती घातली, तोंड बांधलं, आणि घरात जाहीर केलं, "आता हिला सभेच्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा."

गिरीशराव पेपरामागे होते. त्यांनी पान उलटलं.

सभेच्या शनिवारी गिरीशरावांनी गाडीतून सोडलं, आणि एरवी गाडीतच बसणारा माणूस आज आत आला, कारण हॉलच्या खिडकीत मोरीनबाई चिप्स विकत होती. बाई टेबलाशी गेल्या. अभ्र्याची गाठ सोडताना त्यांना स्वतःचंच हसू आलं, इतकी बोटं घाईत होती.

कीथने निळा दिवा फिरवला. दोरा चमकला नाही. भिंगाने शिक्का वाचला, मान डोलावली. डावखुऱ्या दुरुस्तीपाशी आला आणि मिशांतून हसला. "हा तुमचा मित्र."

"हाच."

आजूबाजूला चार-पाच माणसं जमली होती. कीथने फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं, आणि शेवटचं बघायचं म्हणून वरची झडप पूर्ण उलटी करून आतल्या अस्तरावर दिवा धरला.

टोपण परत लागलं.

"मिसेस के," तो हळूच म्हणाला. "हे काय आहे?"

अस्तरावर, तळहाताएवढं, लाल रंगाचं स्वस्तिक होतं.

भोवतीची माणसं एक पाऊल मागे झाली. क्लबाचा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावलेला आहे, लढाईच्या वेळच्या जर्मन राजवटीचं ते चिन्ह टेबलावर आणायचं नाही. पण कीथच्या चेहऱ्यावर नियमापेक्षा वेगळंच दुखणं होतं.

"हे मूळचं नाही. मूळचे शिक्के असे नसतात," तो म्हणाला. "हे कुणी तरी मागाहून काढलंय. असं रंगवून किंमत वाढवणारे लोक मी पाहिलेत. आणि एक गोष्ट खोटी असली की मला बाकीच्यावरही सही करता येत नाही. तुम्हाला माहितीय."

बाईंना माहीत होतं. त्यांनीच अशा तीन सॅक नापास करायला लावल्या होत्या. त्या वाकल्या, चष्मा सरळ केला, आणि बघितलं.

स्वस्तिक सरळ होतं, त्या राजवटीच्या चिन्हासारखं कोनावर उभं केलेलं नव्हतं. आणि चारही घरांत एकेक ठिपका होता. अनामिकेने टेकवलेला, जरा जाड, डावीकडचा थोडा निसटलेला. हे बोट बाई पंचेचाळीस वर्षं ओळखत होत्या. बॉयलरच्या कपाटातल्या देवांना तेच बोट रोज गंध लावायचं, नव्या गाडीला लागायचं, वॉशिंग मशिनलाही लागलं होतं.

त्यांनी मान वर केली. गिरीशराव चिप्सचा कागद हातात धरून भिंतीला टेकले होते. तोंडात घातलेली चिप चावायची राहिली होती.

"अहो," बाई मराठीत म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत?"

"खंडेनवमी होती." गिरीशराव चिपेसकट बोलले. "तू खाली पुरण वाटत होतीस. तुझं मशीन पूजेला ठेवलं, कात्री ठेवली. मग वाटलं, आता हिचं खरं हत्यार तर हे. बाहेरून लावलं असतं तर ओरडली असतीस, म्हणून आत लावलं."

"बारा वर्षं मला बोललात या पिशव्यांवरून."

"ते वेगळं. हिला पूजेतून कसं काय बाहेर ठेवणार?"

यावर बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण ही वेळ त्याची नव्हती.

"काय म्हणतायत ते?" कीथने विचारलं.

बाईंनी त्याला सांगितलं. आमच्यात वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा असते, शिंप्याने कात्रीची, सुताराने करवतीची. त्यावर ही शुभ खूण काढतात, लाल कुंकवाने. ती तुमच्या त्या राजवटीहून फार जुनी आहे. त्यांनी आमच्याकडून उचलली आणि बदनाम केली, ठिपके मात्र उचलायचे विसरले. माझ्या नवऱ्याने माझ्या सॅकची पूजा केली.

कीथने गिरीशरावांकडे बघितलं, मग सॅककडे. "मला पटतंय," तो म्हणाला. "खरंच पटतंय. पण म्युझियमवाले विचारतील, हा लाल विकतचा रंग नाही कशावरून? मी काय लिहू? मालकिणीच्या यजमानांनी चिप्स खाताना कबूल केलं?"

कुणी तरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात उशीचा तो जुना अभ्रा आला होता.

"मोरीन," त्यांनी खिडकीकडे वळून हाक मारली, "व्हिनेगरची एक पुडी दे. आणि एक पांढरा टिश्यू."

आणि लगेच दुसरा विचार आला. घरात कुंकू दोन प्रकारचं होतं. पितळी करंड्यात सांगलीहून वरदाने, त्यांच्या मावसबहिणीने, पाठवलेलं, घरी हळद आणि चुन्याचं केलेलं. आणि प्लॅस्टिकच्या डबीत बेलग्रेव्ह रोडच्या दुकानातलं. त्यात काय असतं ते दुकानदारही सांगू शकला नसता. करंड्यातलं असलं तर व्हिनेगर लागताच पिवळं होईल. डबीतलं असलं तर लालच्या लालच राहील, आणि पाच माणसांसमोर बाई खोट्या पडतील.

"अहो, कुंकू कुठलं घेतलंत? करंड्यातलं का डबीतलं?"

गिरीशराव विचारात पडले. "लाल होतं ते घेतलं."

"दोन्ही लाल आहेत."

"मग त्यातलंच एक."

एक्स-रे काढताना या माणसाने चाळीस वर्षं डावा पाय आणि उजवा पाय बरोबर ओळखला, हे देवाचे आभारच म्हणायचे.

मोरीन पुडी घेऊन बाहेर आली आणि जायचं नाव घेईना. कीथने हात पुढे केला. "कॅनव्हासवर नको, मिसेस के. डाग राहील."

"कॅनव्हासवर घालायला मी काय वेडी आहे?"

त्यांनी कोरडा टिश्यू बोटाला गुंडाळला, निसटलेल्या डावीकडच्या ठिपक्यावर टेकवला, आणि दाबून, न घासता, अलगद उचलला. ठिपका जवळजवळ सगळा कागदावर आला. कागद टेबलावर ठेवला. पुडी फाडली. थेंब पडायच्या आधी त्यांनी क्षणभर डोळे मिटले, कारण नापास झालं तर कार्ड गेलं, आणि कार्डापेक्षाही, बारा वर्षांत कमावलेला शब्द गेला.

थेंब पडला. लाल ओलं झालं आणि गडद दिसायला लागलं. बाई कागदावर आणखी वाकल्या.

मग कडेने, अगदी सावकाश, एक पिवळी रेघ आली. ती रुंद होत गेली. लाल आत आत सरकलं, नारिंगी झालं, आणि सगळा ठिपका झेंडूच्या पाकळीसारखा पिवळा होऊन कागदावर पसरला.

"अगं बाई," मोरीनला जे काही इंग्लिशमध्ये सुचलं त्याचा अर्थ एवढाच होता.

"हळद," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, थांबवता येत नव्हता. "हळद आणि चुना. कुठला रंगवणारा हळदीने रंगवेल? चुन्याने लाल झाली होती, आंबट लागलं, शुद्धीवर आली. बघा, वास घ्या. सांगलीची आहे, आमच्या वरदाने केलेली. अहो, करंड्यातलं घेतलंत तुम्ही, करंड्यातलं."

"मला माहीतच होतं," गिरीशराव म्हणाले आणि एकदाची चिप गिळली.

कीथने कागद नाकाशी नेला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग सिग्नलवाल्याने रूळ मोकळा करून द्यावा तसा त्याने फॉर्म पुढे ओढला आणि टोपण काढलं.

वर कारखाना, गाव, साल लिहिलं. दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, एक, जुनी, डावखुरी. मग 'इतर खुणा' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"साफ करून टाकू का हे? तुम्ही म्हणत असाल तर हलकेच निघेल."

"नाही," बाई म्हणाल्या.

"झडप बंद राहणार आहे. बाहेरून काही दिसणार नाही, तेव्हा माझी हरकत नाही. पण फॉर्मवर लिहावं लागेल." त्याने लिहायला सुरुवात केली आणि मोठ्याने वाचत गेला. "आत लाल खूण, धार्मिक, चार ठिपके."

"तीन," बाईंनी दुरुस्त केलं. "चौथा टिश्यूवर आहे."

"तीन ठिपके, चौथा तपासणीत खर्च. हळद आणि चुना. करणारा?"

"गिरीश खाडिलकर, लेस्टर."

"साल?"

"यंदाचंच."

कीथ हसत हसत लिहीत होता. शेवटच्या ओळीवर आला. 'संग्राहक, कार्डासाठी.' त्याने सवयीने 'मिसेस के' लिहायला पेन टेकवलं.

बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आज के नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण लिहायचं. मी एकेक अक्षर सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. श्यामला, मग खाडिलकर, कागदावर बोटाने अक्षरं दाखवत, शिवणाच्या पहिल्या वर्गात मुलींना टाका शिकवतात तसं. कीथने लिहिलं, मग मिशा सावरून एकदा उच्चारून पाहिलं. 'ड' त्याच्या जिभेवरून पार घसरला, पण बाकी बरं आलं.

बाई गाडीत बसल्या. रिकामा अभ्रा मांडीवर होता, त्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या. गिरीशरावांनी दोन सिग्नल वाट पाहिली.

"रागावलीस?"

"नाही."

"मग एक विचारू? तो चौथा ठिपका. प्रदर्शन संपून सॅक परत आली की लावू का मी पुन्हा?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरेना म्हणून काचेला नाक लावून बसल्या.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या खंडेनवमीला, आणि माझ्यासमोर. कुंकू मी काढून देईन. आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या पाच राहिल्यात, त्यांनी काय घोडं मारलंय?"

गिरीशरावांनी इंडिकेटर लावला. "पाचांना वीस ठिपके," ते म्हणाले. "करंडा रिकामा होईल. वरदाला फोन कर."